चिमूटभर दादा

आमच्या कॉलेजात त्यांना सगळे ‘गॅसवाले सर’ म्हणायचे. नवा लागलेला एक शिपाई तर पहिल्याच आठवड्यात घरचं रिकामं सिलिंडर सायकलला बांधून घेऊन आला होता, “साहब, आपके यहाँ भर देते हैं क्या?” म्हणून. सर हसले नाहीत. त्याला स्टुलावर बसवून पाऊण तास त्यांनी आर्गॉन वायू म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तो बिचारा सिलिंडर तसंच घेऊन परत गेला आणि पुढे महिनाभर सर दिसले की वाट बदलायचा.

मी त्यांच्या प्रयोगशाळेत तंत्रसहायक म्हणून लागले तेव्हा रायपूरला राजधानी होऊन वर्षही झालं नव्हतं. शंकर नगरात आमच्या शेजारचे बंगले एकेक करून सरकारी ऑफिसं होत होते. आमच्या कॉलेजचाही अर्धा मजला कुठल्याशा नव्या विभागानं उचलला, आणि सरांच्या दोन खोल्यांतली एक लाल फडक्यात बांधलेल्या फायलींनी भरून गेली. उरली एक खोली. लांबट, उत्तरेला एकच खिडकी, आणि मधोमध छताच्या कडीला शिंक्यासारखं टांगलेलं एक मडकं. त्यालाही लाल फडकं बांधलेलं.

पहिल्या दिवशी मी विचारलं, “सर, यात काय आहे?”

“माझा दादा,” सर म्हणाले, आणि मला तोंड धुऊन यायला सांगितलं.

तोंड धुण्याचं कारण वेगळं होतं. सरांच्या खोलीत शिरणाऱ्यानं आधी चूळ भरायची, हात साबणानं धुवायचे, डोक्याला तेल लावून यायचं नाही, आणि नळीवर काम चालू असेल तर तिच्या दिशेनं श्वास सोडायचा नाही. मी सवयीनं एकदा जवळ जाऊन बोलले तर केवढे भडकले! “मॅडम, काहून फुंकून राहिल्या तुम्ही? चूल आहे का ती?” माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, पण रागावतानाही मला ‘तुम्ही’ आणि ‘मॅडम’च म्हणत. त्या मॅडममुळे बोलणी जास्त लागायची.

नळी म्हणजे पितळेची, हातभर लांब. तिच्या पोटातून केसाहून बारीक तार ओढलेली, आणि आत गॅस. बाहेरून एखादा किरण आत शिरला की गॅसमध्ये थोडे इलेक्ट्रॉन मोकळे होतात, तारेकडे धावतात, आणि लाउडस्पीकरमध्ये ‘टक्’ वाजतं. किरण जितका जोराचा तितका ठोका मोठा. असे हजारो ठोके मोजून कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्यांचा ढीग मांडायचा. आता सारख्याच जोराचे किरण सोडले तर सगळे ठोके एकाच जागी पडायला हवेत, एक सरळ रेघ उमटायला हवी. तशी ती कधीच उमटत नाही. टेकडी उमटते, बोटभर रुंद. कोणत्या ठोक्यात दोनचार इलेक्ट्रॉन जास्त, कोणत्यात कमी, तार कुठे जरा जाड, गॅसमध्ये कुठे हवेचा अंश. सरांचं उभं आयुष्य ही टेकडी अरुंद करण्यात चाललं होतं. तिला ते शिखर म्हणत.

आणि हा नाद त्यांनी माणसांनाही लावला होता. ज्याच्या बोलण्याचा थांग लागत नाही तो ‘रुंद’. नवे आलेले अधिकारी रुंद, प्राचार्य फार रुंद, आणि विद्यार्थी संघाचा अध्यक्ष तर ‘पडद्यात मावत नाही’. अरुंद माणसं त्यांना आयुष्यात दोनच भेटली होती, एक त्यांचा दादा आणि दुसऱ्या वहिनी. मी कुठे बसते हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. ‘अंदाजे’ हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायचा नाही. किती वाजले विचारलं आणि कोणी ‘साडेबाराच्या आसपास’ म्हणालं की ते घड्याळ पाहायला स्वतः व्हरांड्यात जायचे.

“रुंद शिखरात दोन माणसं लपतात, मॅडम,” ते म्हणायचे. “तुम्हाले एकच दिसते. बारीक करत जा, करत जा, मग कळते का हे दोघं होते.”

हे ते नुसतं म्हणत नव्हते. त्यांना खरंच दोघांना वेगळं करायचं होतं, आणि ते दोघं त्या मडक्यात होते.

गोष्ट अशी. सरांचे मोठे भाऊ, म्हणजे दादा, रेल्वेत होते. बारा वर्षांपूर्वी एक दिवस ‘कामाले चाललो’ म्हणून ब्राह्मणपाऱ्यातल्या घरातून निघाले आणि आलेच नाहीत. भांडण नाही, तंटा नाही. वर्षभरानं कुठल्याशा नदीकाठच्या गावाहून एका अनोळखी माणसानं हे मडकं पाठवलं, सोबत चार ओळींची चिठ्ठी. तुमचा माणूस तापानं गेला, खिशात पत्ता सापडला, आम्ही दहन केलं, या अस्थी. खाली सही अशी की नाव लागत नव्हतं. सर त्या गावी जाऊन आले. तसल्या सहीचा माणूस तिथे कोणी ओळखेना.

अस्थी घरात न्यायच्या नसतात. झाडाला टांगायची रीत, पण ब्राह्मणपाऱ्यात झाड कुठलं? सरांनी मडकं प्रयोगशाळेत आणून छताला टांगलं. विसर्जनाआधी फडकं सोडून आत पाहिलं तर मैद्यासारखी मऊ राख. हाडाचा एक तुकडा नाही. सरांनी फडकं पुन्हा बांधलं आणि वहिनींना सांगितलं, “हा दादाच आहे का कोण्या चुलीची राख, मले खात्री करू द्या. तोवर कुंकू पुसायचं नाही.”

त्या खात्रीला अकरा वर्षं झाली होती.

राखेवर किरण पाडले की राखही आपले किरण सोडते. लाकडाच्या राखेत पोटॅशियम भरपूर असतं, हाडात ते जवळपास नसतं. हाडात सगळं कॅल्शियम. दोघांचे किरण वेगळे, पण अगदी शेजारी शेजारी, एका भिंतीच्या घरांसारखे. आमच्या नळीत दोघांची मिळून एकच टेकडी दिसायची. म्हणून तार बदल, गॅस बदल, भनपुरीच्या वेल्डिंगवाल्याकडून आणलेला आर्गॉन तापलेल्या तांब्यातून शुद्ध करून घे, नळी आतून मलमलीनं घास. असं अकरा वर्षं.

मला आधी वाटलं, बाप्पा, या माणसाचं डोकं फिरलंय. मग सवय झाली. सवय होण्यासारखं भयंकर काही नाही. सुरुवातीला मी घरी गेल्या गेल्या आंघोळ करायचे. सासूबाईंना सांगितलं नव्हतं, त्यांना वाटायचं सुनेला उन्हाचा त्रास होतो. सहा महिन्यांनी मी त्याच खोलीत डबा खायला लागले. राख घेण्याआधी सर मडक्याकडे पाहून हळूच म्हणायचे, “दादा, चिमूटभर घेतो हं.” सर नसले की मीही म्हणायला लागले, “दादा, घेते हं.”

एकदा भर बारा वाजता मी तसं म्हटलं आणि स्पीकर बंद पडला. गरम वाऱ्याची लू वाहत होती, व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं. नळीची ती टकटक दिवसभर चालू असायची, इतकी की आपल्याला ऐकू येते हेही विसरायला व्हायचं. ती थांबली तेव्हा माझ्या कानात दडे बसले. चिमटा हातात धरून मी तशीच उभी. मडकं दोरीवर हळूहळू वळत होतं, आधी खिडकीकडे, मग माझ्याकडे. पंखा बंद होता. तारेचं काम असलं की सर पंखा लावू देत नसत. दहा आकडे मोजेपर्यंत सगळं गप्प होतं. मग टक्. टक्. टकटक. मी सरांना सांगितलं तर त्यांनी वायर तपासली, गॅस वाहतोय का ते बाटलीतल्या बुडबुड्यांवरून पाहिलं, सगळं ठीक होतं. “काय बोलल्या होत्या तुम्ही त्याच्याशी?” त्यांनी विचारलं. सांगितल्यावर मान हलवली, जणू वायर सैल सापडली.

बाजूच्या विभागातला एक कारकून फाइल शोधत आमच्या खोलीत आला होता. लाल फडकं पाहून त्यानं सरळ मडक्याला हात घातला. सर पाठमोरेच म्हणाले, “वो फाइल नहीं है. वो मेरे बड़े भैया हैं.” कारकून तीन दिवस रजेवर होता.

काकू, म्हणजे सरांच्या वहिनी, रोज दुपारी डबा घेऊन यायच्या. पंचेचाळिशीच्या, उंच, कपाळावर ठसठशीत कुंकू, पण ते लावलेलं नसून कोणीतरी सांभाळायला दिलेलं असावं असं दिसायचं. सर अविवाहित, काकू अशा, एका घरात दोघंच. पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले लोक नाही नाही ते बोलत. मला तसलं काही दिसलं नाही. दोघं एकमेकांसमोर इतके जपून वागत की बघणाऱ्याला गुदमरायला व्हावं. काकू आत येत नसत. उंबऱ्याशी डबा ठेवायच्या आणि माझ्याकडे पाहून हळू आवाजात विचारायच्या, “निघालं का वं पोरी काही?”

“नाही काकू, अजून नाही.”

“बरं.” आणि जायच्या.

एक दिवस मात्र त्या मला व्हरांड्यात घेऊन गेल्या. नागपूरला एक मास्तर होते, त्यांच्या मावसबहिणीच्या नात्यातले, बायको वारलेले. दोन वर्षांपासून विचारत होते. साधा माणूस, म्हणाल्या, बोलता बोलता हसते. मास्तरांनी आता आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, हो की नाही सांगा म्हणून कळवलं होतं.

मी म्हटलं, “काकू, इतकी वर्षं झाली. कोर्टात अर्ज दिला की मोकळं करतात.”

“कोर्टाच्या कागदानं माणूस मरते का वं?” काकू म्हणाल्या. “आणि भाऊजींनी अकरा वर्षं माझ्यासाठी डोळे फोडले. त्यांनी सांगतल्याबिगर मी उठून जाऊ? मले फक्त एक सांगावं त्यांनी. आहे म्हणावं, का गेले म्हणावं. मी दोन्हीले तयार आहे. हे मधातलं नाही सहन होत आता.”

त्या रडल्या नाहीत. मलाच रडू आलं, आणि रागही आला. आमच्याच कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला रसायनशास्त्र विभाग होता! तिथल्या कोणीही चिमूटभर राख आम्लात विरघळवून, वर औषधाचा थेंब टाकून, रंगावरून दहा मिनिटांत सांगितलं असतं, हाड आहे की नाही. मी तरातरा आत जाऊन सरांना तेच सांगितलं.

सर कधी नव्हे ते ओरडले. “एक थेंब पिवळा झाला म्हणून माझा दादा मेला म्हणू? पिवळा म्हणजे किती पिवळा? रंगावरून माणूस ठरवाचा?” मग आवाज खाली आला. “मॅडम, मी ‘मेला’ म्हटलं का तो मरते. म्हणून मले दोन शिखरं डोळ्यानं पाह्यजे.”

मी तो विषय तिथेच सोडला. चूक केली.

मडक्याबद्दल पहिल्यांदा बोलला तो समारू, आमचा जुना शिपाई. समारू खोलीत पाय ठेवत नसे, चहाचा कप उंबऱ्यावरून सरकवायचा. एक दिवस तो दाराशी उभा राहून वर बघत बसला आणि मला म्हणाला, “दीदी, ये मरकी ह भरत जावत हे.”

मरकी म्हणजे मडकं. मी म्हटलं, “काहीतरीच काय. रोज यातून काढतोय आम्ही, भरेल कसं?”

“हव, निकालथव. फेर भरत हे.” त्यानं आवाज खाली घेतला. “मनखे ह भीतर बाढ़त हे का, दीदी?”

माणूस आत वाढतोय का! मी त्याला हाकलून दिलं, पण दुपारी फडकं सोडून आत पाहिलं. लागले तेव्हा राख मडक्याच्या पोटापर्यंत होती, मला चांगलं आठवत होतं, कारण चिमटा आत खोल घालावा लागायचा. आता ती गळ्याला आली होती. मी पेन्सिलीनं आतून खूण केली. दोन महिन्यांनी खूण राखेखाली गेली होती.

विज्ञानाची पदवी वगैरे सगळं त्या वेळी कुठे गेलं कोण जाणे. सरांना सांगायची छाती होईना. काकूंना सांगितलं. त्यांनी डबा खाली न ठेवताच मडक्याकडे पाहिलं.

“वाढते म्हणते?” काकू म्हणाल्या. “तिकडं वय वाढत असंल त्यांचं.”

त्या हे अगदी साध्या आवाजात म्हणाल्या.

आखाजीचा आदला दिवस. ऊन असं की खिडकीची काच हाताला चटका द्यायची. सरांनी आठवडाभर खपून नवी तार ओढली होती. भिंगाखाली वीतवीत तपासून, धुळीचा एक कण सापडला म्हणून आधीची फेकून दिली होती. गॅसमध्ये दुसऱ्या वायूचा अंश किती हे त्यांनी शेवटी बरोब्बर जमवलं होतं. सकाळी राख न ठेवता नुसते सारख्या जोराचे किरण सोडले तर पडद्यावर जे शिखर उभं राहिलं, तितकं बारीक मी कधी पाहिलं नव्हतं. सर जेवले नाहीत. “दादा, चिमूटभर घेतो हं,” म्हणाले, आणि राख नळीसमोर ठेवली.

ठोके पडत गेले. टेकडी वाढली. मग हळूहळू तिच्या माथ्याला खळगा पडायला लागला. एकाच्या दोन झाल्या, शेजारी शेजारी, खांद्याला खांदा लावून.

“दोन आहेत,” सर म्हणाले. “लाकूडही आहे, हाडही आहे. म्हणजे चिताच होती, मॅडम. चुलीत हाड कुठून येईल?”

मी उगाच कामाला लागले. फळीवर आमच्या दोन बाटल्या असायच्या. पहिलीत काकूंच्या चुलीतली बाभळीची राख, दुसरीत बाजारातून बकऱ्याची हाडं आणून जाळलेली. या माहितीच्या राखा. एकट्या राखेकडे बघून काही कळेना तेव्हा सरांनीच युक्ती काढली होती: मडक्यातल्या चिमटीत माहितीची राख थोडी मिसळायची आणि शिखर कोणत्या बाजूला सरकतं ते बघायचं. कधी पहिल्या बाटलीतली, कधी दुसऱ्या. शास्त्रात ही पद्धत आहे, चुकीची नाही.

मी बाटल्या भरून ठेवाव्या म्हणून उचलल्या. दोन्ही तळाला लागल्या होत्या. मागच्याच महिन्यात मी गळ्यापर्यंत भरल्या होत्या.

गेली कुठे एवढी राख?

मी मान वर केली आणि मडक्याकडे पाहिलं.

मोजून झालेली मिसळलेली राख टाकायची कुठे? बेसिनमध्ये नाही, कचऱ्यात नाही. तीत दादा होता. अस्थींचा कण पायदळी येऊ द्यायचा नसतो. म्हणून दर वेळी सर सांगायचे, आणि मी मऊ कुंचल्यानं एकूणएक कण झटकून परत मडक्यात सोडायचे. शेकडो वेळा. मीच. बाभळीची राख मी घातली होती. बकऱ्याचं हाड मी घातलं होतं. सर जी दोन शिखरं बघत होते ती आमचीच होती, आणि त्यांच्याखाली दादा असला नसला तरी आता जगातल्या कोणत्याही नळीला सापडणार नव्हता.

हे सांगायला नको होतं का? मी अजून विचार करते. पण ‘अंदाजे’ ऐकून न घेणाऱ्या माणसापासून हे लपवायचं कसं? मी सांगितलं. दोन्ही बाटल्या त्यांच्यासमोर ठेवल्या आणि सगळं सांगितलं.

सरांनी एक बाटली उचलली, उजेडात धरली, परत ठेवली.

“तुम्ही आल्या तेव्हापासून?” त्यांनी विचारलं.

“हो. त्याच्या आधीचं तुम्हाला माहीत.”

“आधीपासूनच,” सर म्हणाले. “पहिल्या वर्षापासून.”

नळी आपली टकटक करत होती. बाहेर चपला वाजल्या. काकू उंबऱ्याशी आल्या, डबा खाली ठेवला. त्या दिवशी त्यांनी मला काही विचारलं नाही. सरळ आत आल्या, अकरा वर्षांत पहिल्यांदा, आणि मडक्याखाली उभ्या राहिल्या.

“भाऊजी, उद्या आखाजी आहे.”

सर उठून उभे राहिले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस खरं सांगणार, कारण याला दुसरं काही येतच नाही. आणि काकू पुन्हा बारा वर्षं उंबऱ्याबाहेर उभ्या राहणार.

“हाड आहे, वहिनी,” सर म्हणाले. “दादा गेला.”

आवाज जरासुद्धा हलला नाही. मीच आ वासून बघत राहिले. काकूंनी डोळे मिटले. पदराचं टोक कपाळावर एकदा फिरवलं. “बरं झालं,” म्हणाल्या, आणि तिथेच भिंतीला टेकून असा हंबरडा फोडला की बाजूच्या विभागातली सगळी माणसं दारात जमा झाली.

विधी महादेव घाटावर ठरला. गुरुजींनी उशिराचं सगळं शास्त्र सांभाळून दहाव्या दिवसाचा पिंड मांडून दिला. बायकांनी यायचं नसतं म्हणे. काकू आल्या, म्हणून मी आले. सरांनी मुंडण केलं होतं, धोतर नेसले होते. ओळखू येत नव्हते. समारूनं आणि मी मडकं दोन्हीकडून धरून खारुन नदीच्या पाण्यात सोडलं. वर तरंगलेली राख बराच वेळ काठाशीच घोटाळली, मग धारेला लागली.

पिंड वाळूवर ठेवला आणि आम्ही मागे सरलो. पलीकडच्या पिंपळावर कावळे होते, पंधरावीस तरी. एकही हलेना.

“काही राह्यलं असंल मनात,” गुरुजी म्हणाले. “बोला.”

काकू पुढे झाल्या, हात जोडले. “तुमचं काही विसरणार नाही मी. भाऊजींचं डबापाणी बघायले कोणाले तरी सांगून जाईन.” कावळे बसून. गुरुजी म्हणाले, अजून काही? काकूंनी आठवून आठवून सांगितलं, देवघराचं, सासूबाईंच्या तिथीचं. कावळे बसून. ऊन डोक्यावर आलं. वाऱ्याचं नाव नाही, पाणीसुद्धा वाहायचं थांबल्यासारखं. एवढे कावळे, पण एकही काव म्हणून करेना. सगळे आमच्याकडे तोंड करून बसलेले. गुरुजींनी शेवटी दर्भाचा कावळा करायला घेतला.

तेव्हा माझं लक्ष सरांकडे गेलं. त्यांच्या तोंडावर हळूहळू उजेड येत होता. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. कावळा शिवत नाही, म्हणजे या पिंडाचा धनी तिकडे गेलेलाच नाही. ते पिंपळाकडे बघत होते आणि अगदी थोडं, ओठांच्या कडेला, हसत होते.

काकूंनीही ते पाहिलं. त्यांना त्या हसण्याचा अर्थ माझ्या आधी कळला. त्यांचे जोडलेले हात खाली आले आणि बोटं आपोआप कपाळाकडे गेली, जिथे कुंकू नव्हतं तिथे.

सरांनी वळून त्यांना पाहिलं. हसू गेलं. ते वाळूतून चालत पिंडापाशी गेले आणि गुडघ्यावर बसले. पाण्याचा तांब्या माझ्या हातात होता, म्हणून मी त्यांच्या मागेच होते. मला एकटीलाच ऐकू आलं.

“दादा,” ते म्हणाले, “मी खोटं बोललो. तू आहे का नाही, मले माहीत नाही. कधी समजणारही नाही आता. असशील तिथं रहा. पण तिले जाऊ दे बाबा. तिले जाऊ दे.”

ते उठायच्या आत कावळा आला. एकच. पिंपळावरून सरळ उतरला, सरांच्या हातापासून वीतभर अंतरावर बसला आणि पिंडाला चोच मारली.

“शिवला!” गुरुजी ओरडले. काकूंनी दोन्ही हात छातीवर घट्ट धरले आणि मोठा श्वास सोडला.

मी सरांना उठवायला हात दिला तर त्यांनी तो धरला नाही. ते कावळ्याकडे बघत होते. मग बसल्या जागी मटकन वाळूत कोसळले आणि लहान पोरासारखे मोठ्यानं रडायला लागले.

“गेला हो, मॅडम,” म्हणाले. “माझा दादा गेला.”